अमिबा गातो तो अल्बम

महोदय,

फोक-रॉकचा, म्हणजे लोकसंगीत आणि रॉक यांच्या मिलाफाचा, विषय निघाला की गाडी हमखास अमेरिकी गायक बॉब डिलनच्या इलेक्ट्रिक गिटारवर येऊन थांबते. 'इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड' या स्कॉटिश बँडचा १९६८चा 'द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर' हा अल्बम मात्र कुणाच्या खिजगणतीतही नसतो. बँडमधल्या रॉबिन विल्यमसन आणि माइक हेरन यांनी मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रणाचा (वेगवेगळे आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करून एकत्र जुळवण्याचा) पुरेपूर फायदा घेत त्यात वाद्यांचे थरावर थर चढवले. सतार आहे, मोरोक्कोचं गिम्ब्री हे तंतुवाद्यही आहे. (सतारीत रागदारी शोधायला गेलात तर पदरी निराशा येईल, ती इथे नुसती रंगासाठी आहे.) हेरनचं 'अ व्हेरी सेल्युलर साँग' तब्बल १३ मिनिटांचं. मध्येच बहामा बेटांवरचं निरोपाचं भक्तिगीत येतं आणि पुढे चक्क अमिबा गाऊ लागतो! गाणं जरा लांबतं, आवाजही घोटीव नाहीत. तरी हा अल्बम ब्रिटनच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला होता.

आपल्या पुरवणीत नव्या अल्बमांच्या परीक्षणाशेजारी अशा जुन्या, वेड्या प्रयोगांनाही अधूनमधून एखादा रकाना मिळावा, ही विनंती.

– एक वाचक