टाकीत उतरण्याआधी हवा मोजा

महोदय,

सोलापूरच्या अक्कलकोट रोड, चिंचोळी एमआयडीसी किंवा शहरातल्या लहानमोठ्या डाईंग युनिटांत जिथे जिथे फर्नेस ऑइलची वा डिझेलची टाकी आहे, तिथे कधीतरी तळाचा गाळ काढायला ठेकेदाराची माणसे आत उतरणारच. मॅनहोल तासभर उघडे ठेवले, वास गेला, आता उतरा, हा हिशेब जीवघेणा आहे.

इंधनाखाली पाणी साचते आणि त्यात वाढणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांसारखा वास येतो खरा, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस वाढलेला असू शकतो! ५०० पीपीएमच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, १००० ला दोन-चार श्वास पुरतात. हा वायू आणि इंधनाची वाफ दोन्ही हवेपेक्षा जड, त्यामुळे वरचे झाकण उघडून तळ मोकळा होत नाही. धुऊन बंद ठेवलेली लोखंडी टाकीही सुरक्षित नसते, कारण गंज चढताना आतला ऑक्सिजन संपतो. लाकूड वा ब्रिकेटच्या (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या) बंद कोठारात तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वासच नसतो.

म्हणून ऑक्सिजन, ज्वालाग्राही वाफ, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारा चार वायूंचा मीटर हवा. बाहेर उभे राहून नळी सोडायची आणि वर, मध्ये, तळाशी मोजायचे. आधी ऑक्सिजन पाहायचा, कारण तो फार कमी असला तर ज्वालाग्राही वाफेचा आकडाही खोटा येतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर असेल, तर उतरायचे नाही. ब्लोअरची नळी तळापर्यंत न्यायची आणि हवा घेणारे तोंड जनरेटरच्या धुरापासून लांब ठेवायचे. ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडणे म्हणजे आगीला बोलावणे. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो, त्यामुळे सकाळी घेतलेले माप दुपारी चालत नाही. मीटर काम संपेपर्यंत माणसाच्या अंगावर सुरू राहिला पाहिजे.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चे कलम ३६ हेच सांगत होते: आत घातक वायू नसल्याचा सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र, कमरेला पट्टा आणि त्याच्या दोरीचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. आतला कोसळला तर बाहेरच्याने दोरीने वर ओढायचे, मागोमाग उडी मारायची नाही. एकामागून एक दोघे-तिघे दगावतात ते इथेच. तोंडाला बांधलेला ओला पंचा किंवा धुळीचा मास्क या वायूंना अडवत नाही.

लहान युनिटांना मीटर, माणसाला वर ओढायची तिकाटी (ट्रायपॉड) आणि श्वसनयंत्र परवडत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक औद्योगिक वसाहतीत एक सामायिक संच आणि तो वापरायला शिकवलेली दोन माणसे ठेवावीत. उद्योजक संघटना, एमआयडीसी आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मिळून पुढच्या उन्हाळ्याआधी हे करावे. सोलापूरच्या उन्हात टाक्या तापतात आणि वाफही जास्त होते.

— औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणारे काही नागरिक, सोलापूर