भीमगडचा आराखडा आधी आमच्या ग्रामसभेत वाचा

मा. वनमंत्री महोदय,
कर्नाटक शासन, बेंगळुरू.

स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातून हे पत्र लिहितो आहे. मागणी एकच. भीमगड अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, कृष्णापूर अशा आतल्या गावांच्या ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा आणि लोकांचे म्हणणे त्यात घेऊनच तो मंजूर व्हावा.

यात मेहेरबानी काही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. वनहक्क कायदा (जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा) लागू असलेल्या भागातल्या अभयारण्याचा आराखडा संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करूनच करायचा, असे आता त्यात लिहिले आहे. अभयारण्याच्या सल्लागार समितीवरही पंचायतींचे तीन प्रतिनिधी घ्यावे लागतात. ते तिघे तालुक्याच्या बाजारपेठेत राहणारे घ्यायचे की पावसाळ्यात ओढ्यापलीकडे अडकून पडणारे, हे मात्र कायदा सांगत नाही. ते आपल्या हातात आहे.

२०११ साली साधारण १९० चौरस किलोमीटर जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हादई इथेच उगम पावते. बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळाची शास्त्राने १९१३ मध्ये नोंद घेतली. हे सगळे २०११ पर्यंत टिकले, तेव्हाही या रानात माणसे राहत होती.

वणव्याचेच घ्या. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, कुठून काढायची हे नकाशावर ठरते. पण कुठल्या पठारावरचे गवत आधी वाळते, दुपारनंतर वारा कुठल्या खिंडीतून फिरतो, हे तिथे जन्मभर गुरे चारलेल्या गवळी धनगराला विचारावे. आग लागल्यावर झोडपायला हाक मारतात ती त्यालाच. गवे रात्रीत भाताचा फडशा पाडतात, मग नुकसानभरपाईसाठी खानापूरला हेलपाटे. पंचनामा गावातच, गावच्या समितीसमोर का होऊ नये?

आमच्याकडे सगळे साधुसंत आहेत असे मी म्हणणार नाही. फासे लावणारे आहेत, रात्री लाकूड काढणारेही आहेत. पण ते कोण, हे वनरक्षकाच्या आधी गावाला कळते. वनहक्काच्या नियमांत जंगल आणि वन्यजीव राखण्यासाठी ग्रामसभेने स्वतःची समिती नेमायची तरतूद आहे. तिला खरा अधिकार द्या. हातात काहीच नसताना शेजाऱ्याचे नाव सांगून वैर कोण पत्करेल?

आपल्याच राज्यात बिळिगिरी रंगन टेकड्यांतल्या सोलिगांना २०११ साली सामूहिक वनहक्क मिळाले, आणि तो तर व्याघ्र प्रकल्प आहे. आमची अडचण थोडी वेगळी. सोलिग अनुसूचित जमातीत येतात. आमच्यातल्या बहुतेकांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. इथले जुने कागद मुंबई राज्याच्या काळातले, मराठीतले. आज येणारी नोटीस कन्नडमध्ये. दोन्ही वाचणारा माणूस वाडीत नसतो, आणि दावा तिथेच अडतो. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरावा, असे नियम म्हणतात. तो घ्यायला कोणीतरी वाडीत यायला हवे.

२०२५ मध्ये अभयारण्यातल्या तळेवाडीच्या कुटुंबांना पुनर्वसनाचे धनादेश मिळाले. ज्यांना जायचे आहे त्यांनी जावे. पोराबाळांची शाळा, दवाखाना कोणाला नको? पण भर पावसात आजाऱ्याला खाटेवर घालून मैलोन्‌मैल चालावे लागते, म्हणून दिलेला होकार हा राजीखुशीचा होकार मानायचा का? कायदा आधी हक्कांचा निवाडा मागतो, मग स्थलांतर. निवाडा होईपर्यंत साकव आणि चालण्याजोगी वाट तरी अडवू नये. जंगलातून डांबरी हमरस्ता आम्हीही मागत नाही (काही पुढारी मागतात, ते वेगळे).

ग्रामसभा वाडीवाडीला वेगळ्या लावाव्यात. गटपंचायतीच्या गावी एकच बैठक ठेवली तर बायामाणसे पोचत नाहीत, आणि सुगंधी मुळ्यांपासून शिकेकाईपर्यंत रानातले काय कमी झाले ते त्यांनाच नेमके ठाऊक असते. तारीख मे महिन्याच्या आतली असावी. जूननंतर आपले अधिकारी आत येऊ शकत नाहीत आणि आम्हाला बाहेर पडता येत नाही.

आपला,
भीमगड परिसरातील एक शेतकरी
ता. खानापूर, जि. बेळगाव