दुधाच्या पिशवीचे पैसे कुठे वळवायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ नोव्हेंबरचा जागतिक व्हीगन (प्राण्यांपासून मिळणारे काहीही, अगदी दूधही, न खाण्याचा) दिन जवळ आला की पुरवण्यांत बदामाचे दूध, ॲव्होकाडो, काजूचे चीज यांची छायाचित्रे दिसू लागतात. महिनाअखेरीला किराण्याच्या यादीवर काट मारणाऱ्या माणसाला ती पाहून वाटते, की दूध-तूप सोडणे हे पैसेवाल्यांचे काम. प्रत्यक्षात ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी हे आपले साधे जेवण पूर्वीपासूनच व्हीगन आहे. पण म्हणून फक्त दूध-दही बंद करायचे आणि बाकीचे ताट होते तसेच ठेवायचे, हेही चालत नाही. वर्ष-दोन वर्षांनी दुखणी दिसू लागतात ती यामुळेच.

चहा, दही, ताक धरून दिवसाला अर्धा लिटर गाईचे दूध घेणाऱ्या माणसाला त्यातून सुमारे १६ ग्रॅम प्रथिने, जवळपास ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २ मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ जीवनसत्त्व मिळते. त्यासाठी रोज २८-३० रुपये मोजावे लागतात. दूध बंद केले की या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणांहून भरून काढाव्या लागतात. दुधाच्या जागी एकच पदार्थ शोधला की फसगत होते. डब्यातले बदामाचे दूध हे त्याचे ठळक उदाहरण. लिटरला दोन-अडीचशे रुपये घालवूनही पेल्यात प्रथिने एक-दोन ग्रॅमच.

आधी प्रथिने पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ४६ ग्रॅम. सगळी प्रथिने धान्य-कडधान्यांतून येणार असतील तर ती थोडी कमी पचतात, म्हणून ५५ ग्रॅम धरून चालावे. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो आणि डाळींत भरपूर, त्यामुळे भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ हवीच. दोन्ही एकाच घासात नसले तरी चालेल, पण त्याच दिवसात पोटात गेले पाहिजेत. मेसमधल्या वाटीभर पातळ वरणात जेमतेम १५-२० ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रथिने चारच ग्रॅम. तेवढ्यावर भागत नाही. माणशी दिवसाला ८० ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्ये मोजूनच काढावीत.

खरेदी करताना किलोचा भाव न पाहता रुपयाला किती प्रथिने पडतात ते पाहावे. भाव गावागणिक दहा-वीस रुपयांनी मागेपुढे होतात, पण क्रम फारसा बदलत नाही. तूरडाळ १५० रुपये किलो धरली तर रुपयाला दीड ग्रॅम प्रथिनेही हाती लागत नाहीत. मसूर ९० रुपये धरली तर पावणेतीन ग्रॅम, १३० रुपये किलोची सोयावडी चार ग्रॅम, आणि ७० रुपयांचे अख्खे सोयाबीन पाच ग्रॅम. तूरडाळ सोडा असे आमचे म्हणणे नाही. आठवड्यातून दोनदा आमटी तुरीची करावी, बाकीचे दिवस मसूर, मटकी, हुलगा, हरभरा यांना द्यावेत.

सोयावडी वजन करताना कोरडीच करावी. २५-३० ग्रॅम म्हणजे एक मूठ, आणि त्यात १३ ते १५ ग्रॅम प्रथिने. भिजल्यावर ती पाणी पिऊन जवळजवळ तिप्पट होते, आणि पुष्कळ जण भिजलेली ५० ग्रॅम वडी खाऊन २६ ग्रॅम प्रथिने मिळाली असे समजतात. उग्र वास जायला ती मिठाच्या पाण्यात पाच मिनिटे उकळावी, मग गार पाण्यात दोनदा घट्ट पिळावी. पिळण्यात आळस केला की मसाला आत जात नाही आणि घरातली मुले ताटातून वडी बाजूला काढतात.

सोयादूध घरी करणे आमच्या मते सर्वांत फायद्याचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. लातूरच्या आडतीत उतरणारे हेच धान्य डब्यातले दूध होऊन शहरात आले की लिटरला शंभराच्या वर जाते. घरी १०० ग्रॅम दाणे आठ-दहा तास भिजवावेत, थंडीत बारा. हाताने चोळून साले काढावीत आणि दाणे अगदी कढत पाण्यात वाटावेत. गार पाण्यात वाटले की दाण्यातले एक विकर (एन्झाइम) जागे होते आणि कच्च्या शेंगेसारखा वास येतो. मिक्सरचे भांडे निम्मेच भरावे, नाहीतर वाफेने झाकण उडते. एकूण पाऊण-एक लिटर पाणी घालून फडक्यातून गाळावे. पुढची पायरी बहुतेकांची चुकते. हे दूध उकळण्याआधीच फेसाळून वर येते आणि झाले असे समजून गॅस बंद केला जातो. फेस खाली बसवून, मंद आचेवर ढवळत ते पुढे १५ ते २० मिनिटे खरोखर उकळले पाहिजे. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिने पचू देत नाही, तो तेवढ्या उष्णतेनेच निकामी होतो. पोट फुगण्याच्या तक्रारी येतात त्या बहुधा अर्धवट उकळलेल्या दुधाच्या. फ्रीजमध्ये ते दोन-तीन दिवस राहते. चोथा मात्र त्याच दिवशी थालीपिठात घालून संपवावा, तो लगेच आंबतो.

या घरच्या दुधात प्रथिने चांगली असली तरी कॅल्शियम फार थोडे असते. रोजच्या १००० मिलिग्रॅमची बेरीज वेगळी जुळवावी लागते. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३६० मिलिग्रॅम, २० ग्रॅम तिळांतून अडीचशे, ४० ग्रॅम हुलग्यांतून शंभर, आणि १०० ग्रॅम मेथी किंवा शेवग्याच्या पाल्यातून पावणेतीनशे ते तीनशे. पालक या हिशेबात धरू नये. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. तीळ अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून कूट करूनच खावेत. नाचणीचे पीठ रात्री पाण्यात भिजवून सकाळी त्याची अंबील केली, ताकाऐवजी वर लिंबू पिळले, की चवही जमते आणि आंबल्याने फायटेटही कमी होते. फायटेट म्हणजे लोह-कॅल्शियमला धरून ठेवणारा घटक.

मोड आणण्याचा फायदाही मुख्यतः तोच. मोड आल्याने प्रथिने वाढतात हा गैरसमज आहे, दाण्यात फक्त पाणी वाढते. मटकी आठ-दहा तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून सैल बांधावी, उन्हाळ्यात दहा-बारा तास, थंडीत चोवीसपर्यंत. चिकट होऊन वास आला तर पाणी राहिले होते किंवा पुरचुंडी फार घट्ट होती.

लोहासाठी बाजरी, हुलगे, तीळ आहेत, पण जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू हवा आणि चहा जेवणापासून तासभर दूर. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे. दुधाबरोबर आयोडीनचाही एक मार्ग बंद होतो, आणि त्यात साधे सैंधव वापरले तर दुसराही. शेंगदाणे स्वस्त मिळतात म्हणून सुरकुतलेले, बुरशीचे आणू नयेत. त्यातले विष भाजूनही पूर्ण जात नाही.

राहता राहिले बी-१२. इथे मात्र मंडईचा उपयोग नाही. इडलीच्या आंबवलेल्या पिठातून, स्पिरुलिनातून किंवा न धुतलेल्या भाजीतून ते भरवशाने मिळत नाही. फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषक घटक घातलेल्या, तांदळात ते असले तरी मानकानुसार किलोला पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅमच. ५ किलो तांदूळ महिनाभर खाल्ला तरी पाचेक मायक्रोग्रॅम, आणि गरज आहे दिवसाला २.२. म्हणून गोळी घ्यावीच लागते, रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅम. आठवड्याचा आकडा मोठा दिसतो, कारण आतडे एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषते आणि उरलेल्यातले शेकडा एकच आत जाते. जनऔषधी केंद्रात हा खर्च महिन्याच्या दुधाच्या बिलापुढे अगदी किरकोळ असतो. पट्टीमागे सायनोकोबालामिन किंवा मिथाइलकोबालामिन (ही बी-१२ चीच रूपे) किती आहे ते वाचूनच घ्यावे. नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिले तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांची हानी आतून चालूच राहते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे पहिल्या वर्षी ‘मला काहीच होत नाही’ असे म्हणणाऱ्यावर कोणी विसंबू नये. हातापायांना मुंग्या येत असतील तर आधी रक्त तपासावे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मूल यांच्याबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय दूध बंद करू नये.

आता पैशांचा हिशेब. ३० ग्रॅम सोयावडीचे चार रुपये, तिळाचे चार, नाचणीचे पाच आणि वर गोळी. नाचणी तर दुसऱ्या धान्याच्या जागी येते, तिचा वेगळा खर्च असा नाहीच. दुधाच्या २८ रुपयांतले निम्मे उरतात. त्यातून रोज एक पालेभाजीची जुडी घेता येते.

आपल्या पुरवणीला विनंती अशी, की व्हीगन पाककृती छापताना प्रत्येक जिन्नसाचे कोरडे वजन आणि माणशी खर्च द्यावा, आणि चौकटीत बी-१२ च्या गोळीची एक ओळ न चुकता छापावी. काजूच्या चीजचे छायाचित्र त्यासाठी थोडे लहान करावे लागले तरी चालेल.

आपल्या,
आहार-मार्गदर्शन करणाऱ्या काही आहारतज्ज्ञ, पुणे