‘रुळलास का?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर

लेस्टर, इंग्लंड
८ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. त्यात तू एकच प्रश्न विचारला होतास, ‘रुळलास का?’ फोनवर मी ऑक्टोबरपासून ‘मजेत आहे’ म्हणत आलो, पण ते खरं नव्हतं रे. तू आईशेजारी बसलेला असायचास, मग कसं सांगणार? आज बसून नीट लिहितो.

थंडीची तयारी करून आलो होतो. अंधाराचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे करतात. त्या दिवसापासून तुमच्या-माझ्यातला फरक साडेचारचा साडेपाच तास झाला. डिसेंबरात तर चारच्या आत सूर्य मावळायचा. पाच वाजता खोलीवर पोचावं तर सोलापुरात साडेदहा वाजलेले, आई झोपलेली. दिवसभर मनात साठलेलं बोलायला कुणी नाही. पलंगावर कोट न काढता तसाच बसून राहायचो, दिवासुद्धा लावावासा वाटायचा नाही. आता रोज सकाळी साडेसातला फोन करतो, तुमचा दुपारचा एक. आई जेवायला बसलेली असते. ताटात काय आहे ते तिने सांगितलं की माझा दिवस सुरू होतो.

आमचं स्वयंपाकघर सहा जणांत एक. नोव्हेंबरात एका रात्री मिरचीची फोडणी दिली आणि दार उघडंच राहिलं. धूर बोळात गेला, अलार्म वाजला, आणि सगळी इमारत खाली मोकळ्या जागेत आली. कुणी चादर गुंडाळलेलं, कुणी ओल्या केसांचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शेजारच्या खोलीतला नायजेरियाचा मुलगा जवळ येऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, ‘वास फार छान होता.’ त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला तू दिलेली शेंगाचटणी भाकरीशी दिली. पहिला घास घेतला आणि तो एकदम थांबला. उठून त्याने कपाटातून एक डबी काढली, झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरली. तांबूस, जाडसर पूड, शेंगदाण्याची आणि तिखटाची! त्यांच्याकडे ‘सुया’ नावाचं मांस निखाऱ्यावर भाजतात, त्याला ही पूड चोळतात. तो उत्तर नायजेरियातल्या कानो शहराचा, तिकडे शेंगदाण्याचं मोठं पीक. दोन डब्या टेबलावर शेजारी ठेवून आम्ही एकमेकांची चव घेत बसलो. त्यांच्यात आलं असतं, आपल्यात लसूण. त्या रात्री पहिल्यांदा या घरात मी पोटभर जेवलो. आता रविवारी आम्ही दोघं मिळून स्वयंपाक करतो, दार घट्ट लावून.

भाकरीचं म्हणशील तर बेलग्रेव्ह रोडवर ज्वारीचं पीठ मिळतं. तिथे सगळी गुजराती दुकानं, याला ‘गोल्डन माइल’ म्हणतात. एका दुकानातल्या मासी १९७२ मध्ये युगांडाहून आल्या. तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले होते. लेस्टरच्या नगरपालिकेने तर तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की इकडे येऊ नका. तरी ही माणसं आली, आणि आज या रस्त्यावर दिवाळीचे दिवे बघायला सगळं शहर लोटतं. मासी पीठ तोलताना दर वेळी विचारतात, ‘मम्मी साथे वात करी?’ हो म्हटल्यावरच पिशवी हातात देतात.

अभ्यास जड गेला. पहिल्या निबंधाला ५४ गुण मिळाले. इथे एम.एस्सी.ला ५० ला पास आणि ७० च्या वर डिस्टिंक्शन, पण मला तेव्हा ते ५४ थोबाडीत मारल्यासारखे वाटले. बाईंनी कडेला लिहिलं होतं की बाकी सगळे लेखक दिसतात, तुम्ही कुठे आहात? मी आठ दिवस रागात होतो. मग पटलं. आपण गाइडवर वाढलेली पोरं, स्वतःचं मत मांडायची सवयच नाही. दुसऱ्या निबंधाला ६३ आले.

पैशाचं तुला माहीतच आहे. सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. ते मी एका हॉटेलात भांडी धुण्यात घालवतो. भाडं आणि पोट त्यावर जेमतेम भागतं. कर्जाचं आईजवळ काढू नकोस.

आणि तू निघताना सांगितलेलं काम केलं. जानेवारीत लंडनला जाऊन १०, किंग हेन्रीज रोड बघून आलो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. शाळेत धडा वाचला होता, पण दारात उभं राहिल्यावर वेगळंच वाटलं. १९१६ ला ते लंडनला शिकायला आले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून पुढच्याच वर्षी अभ्यास अर्धा टाकून परत जावं लागलं. मग मुंबईत नोकरी करून, पैसे जमवून १९२० ला पुन्हा आले. घरचं पत्र तेव्हा बोटीने यायचं. मी तिथे बराच वेळ बसलो. परतीच्या गाडीत आईला फोन लावला. तिकडे मध्यरात्र झाली होती, तरी तिने उचलला.

तर, रुळलोय. पूर्ण नाही, पण या वेळी खरं सांगतोय.

दोन कामं सांगतो. आईच्या डोळ्याची तपासणी राहिली आहे, ती टाळेल, तू गाडीवर घेऊनच जा. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं पुन्हा एक तास पुढे जातात. मग मी पाचला खोलीवर आलो की तुमच्याकडे साडेनऊच वाजलेले असतील. तिला म्हणावं, त्या दिवसापासून अर्धा तास उशिरा झोप.

तुझाच,
मी