अठरा हजारांचा रॉड घ्यावा का?

ठाणे (पूर्व)

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. खाडीतला जिताडा मासा गरवण्यासाठी अठरा हजारांचा कार्बनचा रॉड घ्यावा की नाही, असे तू विचारले आहेस. उत्तर एका ओळीत देता आले असते. पण पैसा कष्टाचा आहे आणि या बाबतीत मी स्वतः एकदा पोळलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कार्बनच्या रॉडला एवढे पैसे पडतात ते मुख्यतः हलकेपणासाठी. साध्या कार्बन तंतूचा ताठपणा काचतंतूच्या सुमारे तिप्पट असतो आणि वजन त्याहून कमी, त्यामुळे नळी बारीक आणि पातळ ठेवूनही दांडीला हवी ती ताकद मिळते. दिवसभर कृत्रिम आमिष फेकायचे आणि ओढायचे असेल, म्हणजे शे-दोनशे वेळा मनगट फिरवायचे असेल, तर वाचलेले पन्नास-साठ ग्रॅम संध्याकाळी खांद्याला नक्की कळतात. मात्र काचतंतू तुटण्यापूर्वी कार्बनपेक्षा कितीतरी अधिक ताणला जातो. म्हणूनच काचतंतूचा रॉड कमानीसारखा वाकून पुन्हा सरळ होतो, आणि कार्बनच्या पातळ नळीला एकदा खोच पडली की ती पुढे केव्हातरी त्याच जागी दगा देते.

माझा रॉड असाच गेला. गायमुखच्या खाडीवर गळ फेकताना दोरीला वजनासाठी लावलेले शिसे झुलले आणि शेंड्यापासून हातभर खाली दांडीवर आपटले. टक् असा बारीक आवाज झाला. चाचपून पाहिले, तर नखाला जेमतेम लागेल एवढी खोच होती, म्हणून मी ती मनावर घेतली नाही. दोन आठवड्यांनी एक शिंगाळा मासा, किलोभराचासुद्धा नसेल, पाण्याबाहेर उचलत असताना दांडी बरोबर तिथेच उसाच्या कांड्यासारखी मोडली. आघाताने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे दुकानदाराने सांगितले, आणि नियमाने ते बरोबरही असेल. पण विकताना हलकेपणाचे एवढे गुणगान केले, तेव्हा ही नाजूक बाजू सांगायला हवी होती, ही तक्रार माझ्या मनात आजही आहे.

महाग रॉडमधून माशाचे टोचणे लगेच हाताला कळते, असेही तुला सांगितले गेले आहे. ते खोटे नाही, परंतु आपण गरवतो कसे, याचा विचार कर. आपल्या खाडीत बहुतेक वेळ शिसे लावून कोलंबी तळाला सोडायची आणि वाट पाहायची. आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातले एक वृद्ध काका दांडी वापरतच नाहीत. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तर्जनीवरून घेऊन ते धक्क्यावर बसतात आणि खाली खेकडा आमिष कुरतडतो आहे की शिंगाळ्याने ते तोंडात घेतले आहे, हे न बघता सांगतात. दोरी ताणलेली असेल आणि बोट तिच्यावर असेल, तर ही जाणीव अडीच हजारांच्या रॉडवरही मिळते. दोरी सैल असेल, तर अठरा हजारांचा रॉडही मुका राहतो.

पैसे घालायचेच असतील, तर आधी दांडीवरच्या, दोरी ज्यांतून जाते त्या कड्या बघ. सध्या बहुतेक जण ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, दोरी वापरतात. ती साध्या कडीला घासून चरे पाडते आणि मग त्याच चऱ्यांवर स्वतः कापली जाते. म्हणून कडीत कठीण सिरॅमिकची रिंग हवी आणि तिची चौकट खाऱ्या पाण्याला टिकणारी हवी. दुकानात कापसाचा छोटा बोळा प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरवून पाहा. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल, तर कापसाचे तंतू तिथे अडकून राहतात. ही तपासणी मी आता प्रत्येक फेरीनंतर करतो, आणि रॉड व रील (दोरी गुंडाळायची चरखी) दोन्ही गोड्या पाण्याने धुतो.

उरलेले पैसे रीलला दे. जिताडा तिवरांच्या मुळांकडे मुसंडी मारतो, तेव्हा दोरी तुटू न देता त्याला दमवण्याचे काम मुख्यतः रीलच्या ड्रॅगवर, म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सोडणाऱ्या ब्रेकवर, असते. तो अडखळत सुटणारा असेल, तर दांडी कितीही उंची असो, मासा जातो. दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर ड्रॅग लावावा. आणखी एक गोष्ट, जिवाची म्हणून लिहितो: कार्बनमधून वीज वाहते. खाडीवरून उच्च दाबाच्या तारा जिथे गेल्या आहेत, तिथे असा रॉड उभा धरू नकोस, आणि ढग गडगडू लागले की तो ताबडतोब खाली ठेव.

तेव्हा माझे मत असे, की चार-पाच हजारांचा, काच आणि कार्बन मिश्र असलेला, मुठीच्या वर आमिषाच्या वजनाची मर्यादा स्पष्ट छापलेला रॉड तू घ्यावास. पुढे तळाची मासेमारी सोडून केवळ कृत्रिम आमिषावर जिताडा धरू लागलास आणि महिन्यातून चार वेळा जाऊ लागलास, तर अठरा हजार जरूर खर्च कर. तेव्हा मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येईन.

तोवर काही विकत घेऊ नकोस. येत्या अष्टमीच्या सुमारास इकडे ये. भांगाचे पाणी, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असेल, ओढ कमी राहील आणि तीस ग्रॅमच्या शिशावर भागेल. माझे दोन्ही रॉड, काचतंतूचा आणि मिश्र, तू सकाळभर आळीपाळीने वापरून बघ. कोलंबी मी आणून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र