गिटारची केबल आणि तारांची उंची

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नवशिक्यांच्या वाद्यखरेदीविषयी जो लेख आला, त्यात ॲकॉस्टिक-इलेक्ट्रिक गिटारच्या वाट्याला दोनच ओळी आल्या आहेत. साधी आणि इलेक्ट्रिक अशा दोन्ही गिटारींचे काम एकाच वाद्यात भागते, तेव्हा शिकणाऱ्याने तीच घ्यावी, असा त्यांचा आशय आहे. मी स्वतः पन्नाशीत, दीड वर्षापूर्वी, नेमक्या याच समजुतीने ही गिटार घेतली. घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पण त्या दोन ओळींतला अर्धा भाग नवशिक्याला चकवणारा आहे, असे अनुभवान्ती वाटते, म्हणून हे पत्र.

ही गिटार अर्धी ॲकॉस्टिक आणि अर्धी इलेक्ट्रिक नसते. ती पोकळ लाकडी पेटीची, जाड तारांची, पूर्ण ॲकॉस्टिक गिटारच असते; फक्त तिचा आवाज ॲम्पपर्यंत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रापर्यंत, नेण्याची सोय तिच्या पोटात केलेली असते. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणारा भाग, चुंबकीय असतो आणि त्याच्यावर पोलादी तार हलली की त्यात वीज निर्माण होते. हिच्यात बहुधा सॅडलखाली, म्हणजे घोडीवरच्या ज्या पांढऱ्या पट्टीवर तारा टेकतात तिच्या खाचेत, पिझो पिकअप दडवलेला असतो आणि तो दाबातले सूक्ष्म बदल टिपतो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतभार उत्पन्न होतो, हे पिएर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. या गुणाला गिटारच्या घोडीखाली बसवून रंगमंचावर नेण्यात ज्या कंपन्यांचा मोठा वाटा आहे, त्यांपैकी १९६०च्या दशकात निघालेल्या ओव्हेशनचा संस्थापक चार्ल्स कामन हा मुळात हेलिकॉप्टर बनवणारा अभियंता होता. कंपने आटोक्यात ठेवणे हा ज्याचा व्यवसाय, त्याने कंपनांवरच जगणारे वाद्य काढावे, ही गंमत मला फार आवडते.

सांगायचा मुद्दा असा की, केबल जोडल्याने ही गिटार बोटांना मऊ होत नाही. इलेक्ट्रिक गिटारवर सर्वांत बारीक तार बहुतेकदा ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची असते, ॲकॉस्टिकवर सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची असलेला संच सर्रास चढवलेला असतो आणि त्याच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या आसपास भरतो. नवशिक्याची सगळी झटापट या ताणाशी असते आणि तिथे प्रीॲम्पवरची, म्हणजे पिकअपचा आवाज ॲम्पकडे जाण्याआधी वाढवणाऱ्या गिटारमधल्या यंत्रावरची, बटणे काही कामाची नाहीत. माझी मात्र खरेदी या बटणांकडे पाहूनच झाली. दुकानात विक्रेत्याने ती लगेच ॲम्पला जोडली, थोडा घुमारा मिसळला, आणि जे ऐकू आले त्यावर मी भाळलो. केबल काढून ती पाच मिनिटे वाजवून पाहण्याचे मला सुचले नाही आणि त्याने सुचवले नाही.

पुढचे चार महिने मला एफ ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, लागली नाही. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीशी, तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या, तर दोन तारा मुक्या राहत आणि एक खरखरे. वय, आखूड बोटे, जन्मजात अपात्रता अशी सगळी कारणे मी स्वतःला देऊन झाली होती. शेवटी वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मोजपट्टी लावून बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजली. सर्वांत जाड तार तिथे फ्रेटपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असली की बोटांना सोसते. माझी जवळजवळ चार मिलिमीटरवर होती. दांडीच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या नटाच्या खाचाही कारखान्यातून उथळच आलेल्या होत्या. त्याने एक सोपी परीक्षा सांगितली, ती पुरवणीच्या वाचकांना उपयोगी पडावी : पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावावा आणि एफचाच आकार एक घर पुढे धरून पाहावा. तिथे तो एकाएकी सोपा वाटला, तर दोष मनगटापेक्षा नटात असण्याची शक्यता अधिक. आणि कारागिराकडे जाईपर्यंत सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून पहिल्या फ्रेटवर कॅपो ठेवला, तर सूर मूळचेच राहतात आणि ताण साधारण अकरा टक्क्यांनी घटतो.

उंच तारांचे दुसरे नुकसान अधिक फसवे आहे. तार फ्रेटपर्यंत दाबताना जास्त ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. त्यामुळे मोकळ्या तारा ट्यूनरवर बिनचूक जुळलेल्या असूनही कॉर्ड बेसूर लागते आणि शिकणारा आपल्या कानांना दोष देत बसतो. मीही दिला.

नट कारागिराने घासून दिला. सॅडल मात्र मी घरीच सॅंडपेपरवर घासली. पट्टी बाहेर काढायची, खालून दीड मिलिमीटर कमी करायची, त्यात काय मोठे, असे वाटले. तारा खाली आल्या, बोटे सुखावली, आणि ॲम्पला जोडल्यावर लक्षात आले की तिसरी तार जवळजवळ गप्प झाली आहे. बिनकेबल वाजवताना ती इतर तारांइतकीच खणखणीत होती. पट्टीचा तळ माझ्या हातून किंचित असमान घासला गेला होता. त्यामुळे ती पिकअपवर सर्वत्र सारखी टेकत नव्हती आणि जिथे दाब कमी, तिथे आवाज कमी. साध्या ॲकॉस्टिकवर हीच चूक इतकी बोलली नसती. या गिटारची लाकडी बाजू आणि विजेची बाजू याच एका पट्टीखाली भेटतात, हे त्या दिवशी कळले. दुकानात कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

विजेच्या बाजूच्या उरलेल्या खोडी किरकोळ आहेत. प्रीॲम्पला नऊ व्होल्टची बॅटरी लागते आणि बहुतेक गिटारींत केबल जॅकमध्ये खोचली की प्रीॲम्प सुरू होतो, मग ॲम्प बंद असला तरी. मी केबल आठवडेच्या आठवडे खोचलेली ठेवली. पुढे आवाज फाटू लागला तेव्हा पिकअपच गेला असे समजून चरफडलो, पण संपली होती ती फक्त बॅटरी. ॲम्पसमोर तोंड करून बसले की स्पीकरचा आवाज गिटारच्या पेटीला हलवतो, ते हलणे पुन्हा पिकअपमध्ये शिरते आणि हूं-हूं असा घुमणारा सूर वाढत जातो. जागा बदलली, खर्जाची कळ थोडी उतरवली किंवा पेटीच्या गोल भोकावर रबरी झाकण लावले की तो थांबतो. इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प हिला जोडता येतो, पण तो वरचे बारीक सूर झाकून टाकतो. ॲकॉस्टिकसाठीचा ॲम्प वेगळा मिळतो आणि पहिल्या वर्षी तोही आवश्यक नाही.

मग नवशिक्याला या सोयीचा फायदा कोणता? माझ्या मते दोन. प्रीॲम्पमध्ये बसवलेला ट्यूनर आवाज हवेतून न घेता थेट पिकअपवरून घेतो, त्यामुळे घरात गलका असतानाही गिटार सुरात लावता येते. दुसरा, केबलने ध्वनिमुद्रण करून स्वतःचे वादन ऐकता येते. कॉर्ड बदलताना मी प्रत्येक वेळी अर्धी मात्रा उशीर करतो, हे मला वाजवताना सहा महिने जाणवले नव्हते, ते मुद्रण ऐकताना दोन मिनिटांत जाणवले. रंगमंच वगैरे पुढचे पुढे.

म्हणून आपल्या पुरवणीला विनंती की, असा सल्ला पुन्हा छापताना ही गिटार आधी केबल न जोडता वाजवून पाहावी आणि बाराव्या फ्रेटवरची उंची मोजपट्टीने मोजून मागावी, एवढे तरी त्यात यावे. विक्रेत्याकडून सेटअप, म्हणजे तारांच्या उंचीची जुळवणी, करून घेणे हा खरेदीचाच भाग आहे, असेही लिहिता आले तर उत्तम.

माझी एफ आता दहापैकी सहा वेळा लागते. तिसरी तार ॲम्पवर अजून दबलेलीच आहे. नवी सॅडल आणून ठेवली आहे, ती या वेळी कारागिराकडूनच घासून घेणार आहे.

आपला विश्वासू,
एक नवशिका वादक