सूचना: आंबोली-सावंतवाडी कला सहल

सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. आंबोलीचा धबधबा परतीच्या वाटेवर ठेवला आहे. आधी भिजलो, तर ओल्या कपड्यांनी संग्रहालयात शिरावं लागतं आणि तिथल्या कागदी चित्रांना दमटपणा फार बाधतो. म्हणून सकाळी थेट घाट उतरून पिंगुळीला ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय, मग सावंतवाडीचा राजवाडा आणि शेवटी चितारआळी, म्हणजे लाकडी फळं-खेळण्यांची गल्ली. छत्र्या, रेनकोट बाहेरच ठेवा. चित्रकथीच्या (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) पोथ्यांना व चामड्याच्या बाहुल्यांना हात लावू नका, फ्लॅश बंद ठेवा.

राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवताना पाहायला वेळ द्या. कारागिराची रेष सुरू असताना प्रश्न नकोत. दशावतारी संचात 120 पानं असतात: दहा अवतार, प्रत्येकी राजा, वजीर आणि एक्का ते दहा. पान कडेनं धरा, बोटांचा घाम रंगाला लागतो.

चितारआळीत लाकडी फळं घेताना देठाजवळ आणि बुडाला बारीक चीर आहे का बघा. लाकूड नीट वाळलेलं नसलं की तिथेच आधी तडकतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, ओलाव्यानं शाई रंगावर उमटते. सुती फडकं घरूनच आणा. घासाघीस कृपया टाळा. घाटात धुकं दाटतं, अंधाराआधी वर पोचायचंच आहे.